परदेशात चोरी-फसवणुकीपासून कसं जपायचं : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या गटांबरोबर मी सहलप्रमुख म्हणून जाते, त्याला आता बारा वर्षं झाली. सहल कुठलीही असो, निघायच्या आदल्या आठवड्यात फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजीही तीच. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. माझ्या गटाबरोबर येणाऱ्यांना जे सांगते, तेच इथे आहे.

युरोपात खरंच एवढी पाकीटमारी होते का? की लोक उगाच घाबरवतात?

होते. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून काम बंद ठेवलं होतं आणि त्या दिवशी संग्रहालय उघडलंच नाही. पर्यटकांबरोबर कर्मचाऱ्यांनाही त्या टोळ्यांचा त्रास होत होता.

पण भीती नेमकी कशाची, हे आधी समजून घ्या. पॅरिस, रोम, बार्सिलोना या शहरांत पर्यटकाला चाकू दाखवून लुटल्याच्या घटना तुलनेने कमी. तिथली चोरी हलक्या हाताची असते. सिंहस्थात रामकुंडावर जाताना आपण गळ्यातलं आत घालतो, पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतो, पोराचा हात घट्ट धरतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. परदेशात मात्र स्वच्छ रस्ते आणि टापटीप माणसं पाहून आपण सैल पडतो. चोरही तिथे टापटीपच असतो. कित्येकदा तर चोर म्हणजे शाळकरी वयाच्या दोन-तीन मुली असतात.

चोरी होताना आपल्याला कळत कसं नाही?

याचं उत्तर माझ्या स्वतःच्या अनुभवातूनच देते.

रोमला तेर्मिनी स्थानकापासून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आहे. पाकीटमारीसाठी ती बदनाम आहे. मला ते माहीत होतं, गटाला सकाळी मीच बजावलं होतं. बसमध्ये गर्दी होती. एका मुलीने घडी घातलेला नकाशा माझ्या पुढ्यात उघडला आणि थांब्याचं नाव विचारलं. नकाशाची कड माझ्या पर्सवर टेकली होती. मी थांबा शोधून दाखवला, ती गोड हसली आणि पुढच्याच थांब्यावर उतरली. पाच मिनिटांनी लक्षात आलं की पर्सची चेन चार बोटं उघडी आहे. आतलं पाकीट गेलं होतं. नकाशाखाली तिचा दुसरा हात होता.

पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. मी गप्प बसले. सगळ्यांना सावध करणारी बाई स्वतःच फसली, हे तीस माणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं, असं वाटलं. संध्याकाळी हॉटेलवर पोहोचल्यावर नवऱ्याला फोन केला, मग बँकेला. तोवर माझ्या कार्डावर तीन ठिकाणी पिनशिवाय टॅप करून खरेदी झाली होती. चोरीला एक क्षण लागला होता. नंतरचे सहा तास मी लाजेपोटी घालवले.

तेव्हापासून माझ्या गटात नियम आहे : काही गेलं की जागच्या जागी मोठ्याने सांगायचं. कुणी हसणार नाही, कुणी 'सांगितलं होतं ना' म्हणणार नाही.

मग पैसे, कार्ड आणि पासपोर्ट ठेवायचे कुठे?

एका जागी सगळं ठेवू नका. एक कार्ड आणि दिवसभराच्या खर्चापुरती रोकड पुढच्या खिशात किंवा अंगावर आडव्या घेतलेल्या छोट्या बॅगेत. दुसरं कार्ड आणि उरलेली रोकड हॉटेलच्या तिजोरीत किंवा कपड्याआतल्या कमरपट्ट्यात. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांकडे वेगवेगळ्या बँकेची कार्डं असू द्या. कमरपट्टा चारचौघांत उघडायचा नाही. तिकीटखिडकीसमोर सदरा वर करून नोटा काढणारे काका मी खूप पाहिले. बघणाऱ्याला जागा कळते.

पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्या. उपाहारगृहात बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवू नका, पट्टा पायात अडकवून बसा. रेल्वेत मोठी बॅग दाराजवळच्या रॅकवर ठेवावी लागते. गाडी सुटायच्या आधीची दोन-तीन मिनिटं सगळ्यात धोक्याची, कारण चोर बॅग घेऊन उतरतो आणि दारं बंद होतात. तेवढा वेळ एकाने बॅगांपाशी उभं राहायचं. जागेसाठी सगळ्यांनी एकदम आत धावायचं नाही.

पासपोर्टबद्दल माझं मत असं : गाव बदलण्याच्या दिवशी तो अंगावर, एकाच गावात हिंडायचं असेल तर तिजोरीत आणि जवळ छायाप्रत. जपान मात्र अपवाद. तिथे पर्यटकाने मूळ पासपोर्ट कायम जवळ ठेवावा असा कायदाच आहे.

ठरलेल्या फसवणुकी कोणत्या? आधीच सांगून ठेवा.

पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर काही जण हसत येतात आणि मनगटाला दोरा बांधू लागतात. बांधून झाला की पैसे मागतात, न दिल्यास चार जण घेरतात. आपल्याकडे मनगटाला दोरा बांधणं देवळातलं, म्हणून आपला हात नकळत पुढे जातो. तिथे हात खिशात ठेवा आणि न थांबता चालत राहा. आयफेल टॉवरच्या परिसरात मुली कागद पुढे करतात, मूकबधिरांसाठी सही द्या म्हणून. तुम्ही सही करता तेव्हा कागदाखालचा हात तुमच्या पर्सकडे गेलेला असतो. म्हणजे पुन्हा माझ्या नकाशाचाच प्रकार. रस्त्यात 'सोन्याची' अंगठी सापडल्याचं दाखवणारे, खांद्यावर पक्ष्याची घाण पडली म्हणून पुसून द्यायला धावणारे, हे सगळे एकाच जातीचे.

बँकॉकला राजवाड्याबाहेर एक सभ्य गृहस्थ सांगतो, आज सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर टुकटुकने स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो. टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर सुटाच्या दुकानासमोर थांबते. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो. बंद आहे की नाही ते दारापर्यंत जाऊन स्वतः बघायचं. पट्टाया आणि फुकेतला पाण्यातली स्कूटर भाड्याने घेतलीत तर आधी चारही बाजूंनी तिचा व्हिडिओ काढा. परत करताना जुना ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात. तारण म्हणून पासपोर्ट तर कुणालाच द्यायचा नाही. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, ते इंग्रजीत बोलतात.

तोतया पोलिसांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पोलीस म्हटलं की आपण लगेच दबतो. साध्या कपड्यातले दोघे ओळखपत्र नाचवतात आणि खोट्या नोटा तपासायच्या आहेत, पाकीट दाखवा म्हणतात. पर्यटकाच्या पाकिटातल्या नोटा रस्त्यात मोजणं हे कुठल्याच खऱ्या पोलिसाचं काम नाही. पाकीट बाहेर काढू नका. 'पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो' म्हणा आणि शेजारच्या दुकानात शिरा.

आई पहिल्यांदाच मुलाकडे अमेरिकेला चालली आहे. मंगळसूत्र आणि पाटल्या घालून जाऊ दे का?

माझं स्पष्ट मत : नको. अमेरिकेत, खास करून कॅलिफोर्नियात, दक्षिण आशियाई वयस्कर बायकांना हेरून दागिने लांबवण्याचे प्रकार इतके झाले की अनेक शहरांच्या पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले. आई संध्याकाळी घराजवळ फिरायला निघते. शेजारी गाडी थांबते, आत कुटुंब असतं, कधी लेकरूही असतं. पत्ता विचारतात. आईने मदत केली की गाडीतली बाई भारावून जाते, माझी आई वारली, तुम्ही आईसारख्या, म्हणत गळ्यात एक माळ घालते आणि मिठी मारते. गाडी गेल्यावर कळतं की गळ्यात पितळेची माळ राहिली आणि आपलं सोनं गेलं.

आपल्या आया कुणाला पत्ता विचारल्यावर तोंड फिरवणार नाहीत, तो त्यांचा स्वभाव आहे. म्हणून त्यांना 'बोलू नको' असं सांगू नका, पाळता येईल असं सांगा : गाडीपासून दोन हात लांब उभं राहायचं आणि अंगाला हात लावू द्यायचा नाही. मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक आहे, मला माहीत आहे. माझ्या सासूबाई काळे मणी आणि एक ग्रॅमवाल्या वाट्या घालून गेल्या. खरं मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्या परत आल्या तेव्हा ते जागेवर होतं.

शेजारच्यांनी दुबईला नेण्यासाठी पाकीट दिलं आहे. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणा. जवळचं नातं असेल आणि घेणं भागच असेल तर समोर बसवून उघडा, एकेक वस्तू हातात घेऊन बघा आणि मगच स्वतःच्या हाताने बॅगेत भरा.

२०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला नात्यातल्याच बाईने कतारची सहल भेट दिली आणि एक पाकीट सोबत दिलं. दोहा विमानतळावर त्यातून चार किलो चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, तिचं बाळ तुरुंगात जन्माला आलं. भारतातल्या तपासातून त्यांना अडकवल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. निर्दोष असूनही दीड वर्षाहून जास्त काळ गेलाच.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरातली आहे : खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, सिंगापुरातही तिच्यावर कडक नियंत्रण आहे. गेल्या दिवाळीनंतर गंगापूर रोडच्या एका घरी मी बॅगा बघायला गेले होते. चिवडा, चकल्या, शेव, सगळं नीट बांधलेलं. तळाशी स्टीलच्या डब्यात अनारसे होते, वरून खसखशीने भरलेले. आजींनी नातवासाठी पहाटे उठून तळले होते. मी तो डबा बाजूला काढला तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण त्यांना काय काय होऊ शकतं ते समजावून सांगितलं. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि काही झोपेच्या गोळ्याही या देशांत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि तिथल्या सरकारची परवानगी लागते का ते निघण्यापूर्वी बघायला हवं.

पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला तर काय करायचं?

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. इटलीत तिला 'देनुन्चा' म्हणतात, स्पेनमध्ये त्याच शब्दाचा उच्चार 'देनुन्थिया' होतो. हा शब्द लक्षात ठेवलात तर काम सोपं होतं. त्या कागदाशिवाय दूतावासातही अडतं आणि विमा कंपनीतही.

मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. परत भारतातच यायचं असेल तर तिथे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. ते एकाच बाजूच्या प्रवासासाठी, फक्त भारतात परतण्यासाठी चालतं. पुढचे देश करायचे असतील तर नवा पासपोर्ट आणि नवे व्हिसे लागतात, म्हणजे सहल बहुधा तिथेच संपते. पोलीस तक्रार, दोन-चार फोटो, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत आणि परतीचं तिकीट हाताशी असेल तर काम लवकर होतं. फोटो इथूनच काढून न्या. आणि एकदा हरवल्याची नोंद झाली की जुना पासपोर्ट रद्द होतो. दोन दिवसांनी हॉटेलच्या पलंगाखाली सापडला तरी त्यावर प्रवास करू नका.

परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. परदेशात अडकलेल्या माणसासाठी नाशिकमध्ये बसलेला नातेवाईकही तिथे तक्रार नोंदवू शकतो.

आणि कार्ड गेलं तर?

बँकेच्या ॲपवरून त्याच क्षणी बंद करा. फोनही गेला असेल तर सोबतच्या माणसाच्या फोनवरून बँकेच्या परदेशातून लागणाऱ्या क्रमांकावर बोला. टोल-फ्री क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. त्याआधीचं, तुमच्याच निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर तुमचं. माझे ते सहा तास इथेच महाग पडले.

निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मर्यादा लागेल तेवढीच ठेवा. टॅप करून पैसे देण्याची सोय नको असेल तर बंद करता येते.

फोन जपायला काय करायचं?

लंडनमध्ये इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावतात. नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून, रस्त्याच्या कडेला उभं राहून नको. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर येणारा फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक (आयएमईआय) घरी लिहून ठेवा. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो तेच सिम त्या फोनमध्ये असेल, तर फोनबरोबर सगळंच अडतं. सोबतच्या माणसाकडे दुसरी सोय हवी.

भाच्याला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळते आहे. पगार भरपूर आहे. पाठवावं का?

थांबा. या प्रश्नाला माझ्याकडून सगळ्यात कळकळीचं उत्तर आहे, कारण इथे पाकीट नाही, माणूस जातो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या किंवा नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरांना अशा ऑफर टेलिग्रामवर येतात. मुलाखत फोनवरच, तिकीट कंपनीचं, व्हिसा पर्यटकाचा. बँकॉकला उतरल्यावर गाडीत बसवून थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावाकडे नेतात, रात्री नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात. पासपोर्ट काढून घेतात. मग दिवसाचे पंधरा-सोळा तास लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम, नकार दिला तर मारहाण, सुटायचं तर खंडणी. कंबोडियातही असेच तळ आहेत. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं. यावरून प्रकार किती मोठा आहे ते कळेल.

पर्यटक व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. एजंट परवानाधारक आहे का ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर बघा. परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दोन लाख मागणारा, पावती न देणारा, 'आधी पोहोच मग करार' म्हणणारा, हे तिघेही सारखेच. भाचा रागावला तरी चालेल, त्याला विमानात बसू देऊ नका.

मुलगी कॅनडात शिकते. 'तिला अटक झाली आहे, पैसे पाठवा' असा फोन आला तर?

फोन ठेवा आणि मुलीला तिच्या नेहमीच्या क्रमांकावर लावा. ती वर्गात असेल, झोपेत असेल, फोन उचलणार नाही. फसवणारे नेमकी तीच वेळ निवडतात, आणि मागे रडण्याचा आवाज ऐकवतात. आज तो आवाज संगणकावर तयार होतो, हुबेहूब. म्हणून घरात एक सांकेतिक शब्द ठरवा, लहानपणीचं एखादं लाडाचं नाव, जे समाजमाध्यमांवर कुठेच नाही.

उलट्या बाजूने मुलांनाही दूतावासाच्या नावाने फोन येतात, पडद्यावर क्रमांकही खरा दिसतो. भारतीय दूतावास फोनवर पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर भारतातून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

मुलगी एकटी युरोप फिरणार आहे. जाऊ द्यावं का?

जाऊ द्या. पहिल्या रात्रीचं हॉटेल स्थानकाच्या अगदी लगत नको आणि पोहोचायची वेळ उजेडाची असू द्या. ग्लास टेबलावर सोडून उठली तर परत आल्यावर नवा मागवायचा. ठिकाणाचा फोटो त्या ठिकाणाहून निघाल्यावर टाकायचा. घरच्यांनी तासातासाला फोन करू नये, पण रोजची एक ठरलेली वेळ दोघांनी पाळावी.

विम्यात चोरी धरलेली असते का?

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून जो एक शेंगेन व्हिसा असतो, त्यासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून सगळे विमा काढतात. पण चोरी, बॅग, पासपोर्ट यांचं कलम वेगळं असतं, ते नसेलही. पैसे भरण्यापूर्वी विचारा. दावा करताना पोलीस तक्रारीची प्रत लागतेच.

निघताना सोबत नेमका काय कागद ठेवायचा?

पोस्टकार्डाएवढा एक कागद. हाताने लिहिलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, प्रत्येकाच्या खिशात वेगळा. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण फोनच आधी जातो.

वरच्या ओळीत नाव, रक्तगट आणि चालू औषधं. खाली हॉटेलचं नाव-पत्ता त्या देशाच्या लिपीत, टॅक्सीवाल्याला दाखवायला. मग आपत्कालीन क्रमांक : युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन वेळा शून्य. त्याखाली त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक, बँकेचा बाहेरून लागणारा क्रमांक, विमा पॉलिसीचा क्रमांक, आणि घरच्या दोन माणसांचे फोन देशाच्या कोडसकट. कार्डाचा पिन त्यावर लिहायचा नाही.

मुंबईला जाणाऱ्या बसमध्ये, कसारा घाट उतरेपर्यंत, मी प्रत्येकाकडून तो भरून घेते. चष्मा घरी राहिलेल्यांचा मी लिहून देते. शेवटची ओळ मात्र ज्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, 'काही गेलं तर लगेच सांगेन', आणि खाली सही.